पोचल्याचा रकाना

हैदराबादहून सुटलेलं विमान औरंगाबादला उतरायला एक तास वीस मिनिटं घ्यायचं. हे वाक्य मी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल, कुणास ठाऊक. ऑफिसात कुणी विचारलं, "मॅडम, गाव लांब आहे का हो तुमचं?" की मी लगेच म्हणायची, "छे, एक तास वीस मिनिटं." पुढे औरंगाबादहून माजलगावपर्यंत अडीच तासांचा रस्ता आहे आणि माजलगावच्या पुढे आमचं गाव आहे, हे मी गाळून टाकायची. इतकी वर्षं गाळलं की शेवटी माझं मलाच ते खरं वाटायला लागलं.

मी नकाशे तयार करणाऱ्या एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव ड्राफ्ट्समनच. दिवसभर रेघा, अंतरं, पट्ट्या. त्या विमानाचं पहिलं तिकीट काढलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावरच्या नकाशावर पोलादी पट्टी ठेवली, एक टोक हैदराबादच्या विमानतळावर, दुसरं औरंगाबादच्या. सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर भरलं. आणि पट्टीची कड बरोबर माजलगावच्या धरणावरून गेली. धरणाच्या अलीकडे, पट्टीला चिकटूनच, आमचं गाव होतं. नकाशावर त्याचं नाव नव्हतं, नुसता ठिपका होता, पण आपला ठिपका आपल्याला कळतो. मी तिथूनच अण्णांना फोन लावला.

"अण्णा, मी आता विमानानं येत जाणार."

"इमानानं?" अण्णा म्हणाले. आमच्याकडे विमानालाही इमान म्हणतात आणि इमानालाही इमानच. "किती येळ लागतो?"

"एक तास वीस मिनिटं."

"कुठं कुठं थांबतं?"

"कुठंच नाही थांबत."

"आँ? मंग मधल्या गावच्या लोकांनी काय करावं?"

"त्यांनी खालून बघावं," मी म्हणाले आणि हसले. अण्णाही हसले. आपल्या गावावरून जातं म्हटल्यावर तर त्यांना फारच मौज वाटली. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी साडेतीनच्या सुमाराला अंगणात येऊन वर बघायला लागले.

अण्णा पाटकरी होते. धरणातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या फुटतात, चारीतून शेताशेताला दारं असतात. कुणाचं दार कधी उघडायचं, किती तास, आणि कधी बंद करायचं, हे पाटकऱ्याच्या हातात. ज्यांच्या आडात आमच्या आज्याला पोहरा सोडायची मुभा नव्हती, त्यांच्या वावरात पाणी सोडायची चावी अण्णांच्या कमरेला असायची. अण्णा या गोष्टीबद्दल कधी बोलले नाहीत. पण ती चावी ते झोपतानाही काढत नसत, आणि आईने कितीदा सांगितलं तरी तिला गंज चढू देत नसत.

पाटाच्या धंद्यात दोन शब्द महत्त्वाचे, हेड आणि टेल. चारी सुरू होते ते हेड, संपते ते टेल. हेडवाल्याला पाणी आपोआप मिळतं. टेलवाल्याला मिळेल तेव्हा खरं. आमचं गाव टेलला. हेडला ऊस उभा असायचा, कारखान्याच्या गाड्या भरून जायच्या, आणि टेलला ज्वारी माना टाकायची. नियमाप्रमाणे पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग मागे मागे येत हेडला. हा नियम सगळ्यांना पाठ होता. पाळायचे एकटे अण्णा. त्यावरून त्यांनी शिव्या खाल्ल्या, एकदा मारही खाल्ला.

त्यांची एक लांबोडकी नोंदवही असायची, तिच्यात दोन रकाने, ‘सोडलं’ आणि ‘पोचलं’. धरणावरचे साहेब लोक फक्त सोडलेलं पाणी मोजायचे. इतकं पाणी सोडलं म्हणजे इतकं दिलं, झालं काम. अण्णांना हे मान्य नव्हतं. "सोडलं म्हंजी दिलं न्हवं," ते म्हणायचे. "मधी कुणी पाइप टाकला, कुणी बांध फोडला, सायबाला काय दिसतंय? पोचलं तर दिलं." आणि त्यांचा एक कडक नियम होता. सोडणाऱ्याने ‘सोडलं’ लिहायचं, पण ‘पोचलं’चा रकाना त्याने भरायचा नाही. ज्याच्या शेतात पाणी आलं, त्यानेच तो भरायचा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी अण्णा पिशवीत शाईचं पॅड ठेवत. भर दुपारी पाटावर टेलच्या म्हाताऱ्या बायांचे अंगठे घेणारा हा एकच पाटकरी असेल.

पहिल्यांदा नोकरीला हैदराबादला गेले, तेव्हा अण्णांनी त्या वहीची मागची पानं माझ्यासाठी उघडली. तेच दोन रकाने, ‘निघाली’ आणि ‘पोचली’. गावी यायला निघाले की मी फोन करायचा, अण्णा वेळ लिहायचे. रात्री नऊची बस, सकाळी सातला माजलगाव, तिथून जीप. उंबऱ्यात पाय ठेवला की पाणी द्यायच्या आधी अण्णा वही काढायचे. "हं, पोचली." लिहून झालं की मगच तोंडभर हसायचे. मला लाज वाटायची, मी काय पाटाचं पाणी आहे का? आई म्हणायची, "आसू दे माय, त्यांच्या जिवाला बरं वाटतंय."

विमान सुरू झालं आणि एक गंमत झाली. गंमत कसली. गाव जवळ आलं तसं माझं जाणं कमी झालं. बस होती तेव्हा दहा तासांच्या प्रवासाची तयारी करावी लागायची, रजा मागावी लागायची, आणि मी ते सगळं करून वर्षातून पाच-सहा वेळा जायची. विमान आल्यावर वाटायचं, काय, एक तास वीस मिनिटांचं तर अंतर. या महिन्यात नाही तर पुढच्या महिन्यात. कधीही जाता येतं म्हणून कधीच गेले नाही, असं झालं.

अण्णा मात्र रोज वर बघायचे. कधी फोन करायचे, "तुझं इमान गेलं बघ आत्ता वरून."

"अण्णा, मी ऑफिसात आहे. त्यात मी नाहीये."

"आसू दे. तुझ्याकडूनच आलंय न."

निवृत्त झाल्यावर अण्णांना चारीवरच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेने ठेवून घेतलं. संस्था सहकारी, सभासद हेडचेही आणि टेलचेही. चेअरमन हेडचे एक मोठे बागायतदार होते, पांढरा सदरा, बोटात दोन अंगठ्या, दारात उसाच्या गाड्या. त्यांनी अण्णांना का ठेवलं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग एकदा अण्णाच म्हणाले, "त्याला ठाव हाय, मी हाय तवर टेलवाले भांडायला त्याच्या दारात न्हाई जाणार, माझ्याकडं येणार." दोघांचं नातं विचित्र होतं. चेअरमन अण्णांना चारचौघांत "काय बे" म्हणायचे आणि घरी आले की "पाटकरी, तुमी" म्हणायचे. अण्णा दोन्ही वेळा "अहो चेअरमन" एवढंच म्हणायचे.

मग दुष्काळ आला. आमच्याकडे तो येतच असतो, पण त्या खेपेला लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. धरण इतकं खाली गेलं की पेपरात रोज ‘मृतसाठा’ शब्द यायला लागला. धरणात पाणी असतं, पण दाराच्या खाली असतं, बाहेर काढता येत नाही, त्याला मृतसाठा म्हणतात. नकाशाच्या कामात हा शब्द मी शंभरदा लिहिला होता. अण्णांच्या तोंडून फोनवर ऐकला तेव्हा पहिल्यांदा त्यातलं ‘मृत’ ऐकू आलं. गावात टँकर चार दिवसांनी यायचा. जनावरं छावणीत गेली होती. आई एका कळशीत अंघोळ आणि त्याच पाण्यात भांडी असं काहीबाही करत होती आणि मला सांगत नव्हती. गावी राहणाऱ्या धाकट्या भावाने सांगितलं तेव्हा कळलं.

मे महिन्यात, मृतसाठ्याच्या वर जे थोडं उरलं होतं, त्यातून पिण्यासाठी म्हणून पाण्याची एक पाळी, म्हणजे एक आवर्तन, सोडायचं ठरलं. एकच. ती टेलच्या गावतळ्यापर्यंत न्यायची. संस्थेच्या बैठकीत हेडवाल्यांनी माना डोलावल्या आणि त्याच दिवशी पाटात मोटारींचे पाइप टाकून ठेवले. ऊस जळत होता, त्यांचंही खोटं म्हणता येत नाही. पण पाण्याला तेवढंच बळ होतं. वाटेत चार पाइप चालले असते, तर टेलला ओल सुद्धा आली नसती.

तेव्हा अण्णा पाण्याच्या तोंडाबरोबर चालत निघाले. कोरड्या चारीत पाणी सोडलं की त्याचं पहिलं टोक हळूहळू सरकतं. भेगा पीत पीत, काडीकचरा ढकलत ते माणसाच्या चालीनेही जात नाही. जुने पाटकरी त्याच्यासोबत चालायचे, पुढचा कचरा काढत, फुटलेला बांध थापत. धरणापासून आमच्या तळ्यापर्यंत पाणी पोचायला दोन दिवस आणि दोन रात्री लागतात. अण्णा सत्तरी ओलांडलेले होते. डोक्याला ओला पंचा, हातात खोरं. वाटेत जो पाइप दिसेल तो उचलून बाहेर टाकत गेले. एक पाइप चेअरमनांचाच होता. अण्णांनी तोही बाहेर काढला आणि बांधावर नीट गुंडाळून ठेवला, असं भाऊ सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेलच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरवर अण्णा बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. त्यांना ऊन लागलं होतं. भावाने गाडीवर घालून आधी दवाखान्यात आणि मग घरी आणलं. डॉक्टरांनी बीडला न्यायला सांगितलं. अण्णा जायला तयार नव्हते, पाणी तळ्यात पडलेलं बघितल्याशिवाय कुठेच जाणार नाही म्हणे. संध्याकाळी सहाला भावाचा मला फोन आला.

"आक्का, अण्णाला लई ताप हाय. बोलत हायत, पर तू ये. रातची बस धर."

मी घड्याळ बघितलं. नऊची बस सहज मिळाली असती. पण मी काय विचार केला, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. दहा तास बसमध्ये अंग आंबवून घेण्यापेक्षा उद्या दुपारचं विमान. दोन-चाळीसला सुटतं. एक तास वीस मिनिटं.

भावाने फोन अण्णांच्या कानाला लावला.

"कधी निघती माय?" आवाज खोल गेला होता, पण साफ होता.

"उद्या दुपारी दोन-चाळीसला, अण्णा."

"अन् पोचती कधी?"

"एक तास वीस मिनिटांत," मी म्हणाले.

जिभेला सवय लागली होती, दुसरं काही नाही. मी खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. पण मरणाच्या दारातल्या माणसाने मला कधी पोचशील विचारलं आणि मी त्याला विमान किती वेळ उडतं ते सांगितलं.

"बरं," अण्णा म्हणाले. "मंग मी थांबतो."

सकाळी साडेनऊला ते गेले. रात्रीची बस धरली असती तर मी साडेआठपर्यंत उंबऱ्यात असते. हा हिशेब मी इतक्यांदा केला आहे की आता त्याची वेगळी आकडेमोड करावी लागत नाही.

भावाचा फोन आला तेव्हा मी बॅग भरत होते. मी रडले, आणि रडता रडता म्हणाले, "थांबवा. मी आल्याशिवाय माती देऊ नका. मी विमानाने येतेय." आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. पुरलं काय, जाळलं काय, मातीच. भाऊ म्हणाला, "आक्का, ऊन लई हाय. लाइट न्हाई. बरफ कुठून आणू?" मग त्याने बाहेर जाऊन विचारलं असावं. मागून चेअरमनांचा आवाज आला. ते सकाळपासून आमच्या दारात बसून होते. "इमानानं येते म्हणली न? मंग थांबायचं. दिवस मावळंपतोर थांबायचं."

विमान वेळेवर होतं. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण लोकांना वाटतं उशीर झाला असेल. दोन-चाळीस म्हणजे दोन-चाळीसला त्याची चाकं हलली. पंख्याचं छोटं विमान, मला खिडकी मिळाली होती. शेजारचा माणूस पाणी मागत होता, हवाईसुंदरीने त्याला बाटली दिली, त्याने दोन घोट घेऊन ती तशीच समोरच्या खिशात ठेवून दिली. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. बिचाऱ्याचा काय दोष.

साडेतीनच्या सुमाराला मी कपाळ काचेला लावलं. पट्टीची कड मला पाठ होती. खाली सगळं पिवळं आणि राखाडी. मग धरण दिसलं. निळं नव्हतंच ते. मोठा मातकट डाग, आणि त्याच्या मध्यात नाण्याएवढं काहीतरी चमकत होतं. तिथून कालव्याची रेघ निघाली होती. त्या रेघेच्या टोकाशी, चारी संपते तिथे, पत्र्याच्या छपराखाली अण्णा पांढऱ्या कपड्यात निजले होते. मी अगदी बरोबर त्यांच्या डोक्यावर होते. इतकी नेमकी त्यांच्या वर आयुष्यात कधी आले नव्हते. आणि विमान कुठंच थांबत नव्हतं. एसटी असती तर मी कंडक्टरला हात जोडले असते, दोरी ओढली असती, चालत्या गाडीतून उडी मारली असती. इथे पट्टा बांधून बसायचं, एवढंच होतं. मधल्या गावच्या लोकांनी काय करावं, असं अण्णांनी विचारलं होतं, आणि मी त्यांना हसले होते.

नंतर भावाने सांगितलं ते असं. अंगणात माणसं बसली होती. साडेतीनला वर घरघर झाली. आई आतून उठून बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि म्हणाली, "आली." झालं. आली म्हटल्यावर माणसं उठली. कुणी तिरडीला हात लावला, कुणी भंतेजींना बोलवायला गेलं. पाणी वरच्या गावाच्या पुलाखालून गेलं की टेलवाले खोरी घेऊन दारावर जातात. "पाणी आलं" म्हणायचं ते तेव्हाच, शेतात पडायची कुणी वाट बघत नाही. तसंच त्यांनी केलं. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. मग पोरांपैकी कुणीतरी सांगितलं की ते विमान औरंगाबादला उतरतं आणि तिथून पुढे गाडीचा रस्ता आहे. आई म्हणे वर आभाळाकडेच बघत राहिली. "आपल्या वरून तर गेली की," एवढंच म्हणाली.

चारला मी उतरले. सव्वाचारला गाडी मिळाली. पाचोडपर्यंत मी ड्रायव्हरला तीनदा घाई केली, मग सोडून दिलं. शहागडला गोदावरीच्या पुलावरून गेलो, खाली नदीत ट्रॅक्टर उभे होते. भावाचे फोन येत होते. "कुठं हाय?" शहागड. "कुठं हाय?" गेवराई. प्रत्येक फोनला मागचा गलका कमी होत गेला. गेवराई सोडल्यावर आला तो शेवटचा. "आक्का, दिवस चालला. आता न्हाई थांबता येत." मी म्हणाले, बरं. दुसरं काय म्हणणार? उन्हाने त्या देहाचं काय केलं असेल, हे मलाही कळत होतं.

मी पोचले तेव्हा माणसं परत येत होती. संधिप्रकाश होता, चेहरे दिसत होते. बायांनी मला धरलं. आई भिंतीला टेकून बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. चेअरमन हात धुवायला थांबले होते. कळशीतून अगदी करंगळीएवढी धार सोडून हात धूत होते, आणि माझ्याकडे न बघताच बोलले.

"बाई, आमी थांबलो. जलमभर तुमचे अण्णा सांगत आले, आधी टेल, मंग हेड. आमी कधी ऐकलं न्हाई. आज ऐकलं, टेलची वाट बघितली. पर टेलला कधी काय येळंवर पोचलंय?"

त्यांना मला टोमणा मारायचा नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांचा गुंडाळलेला पाइप अजून त्या बांधावरच होता. तरी ते वाक्य मला लागलं आणि अजून लागतं. मी हेडला जाऊन बसले होते. टेलला अण्णा होते.

पाणी मात्र तळ्यात पडलं. दुपारी दोनला, अण्णा गेल्यावर साडेचार तासांनी. माणसं माती द्यायला तळ्यावरून गेली तेव्हा तळ्याचा तळ ओला झालेला होता.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, ताटात भांडं ठेवून त्यात धार धरली, आम्ही सगळ्यांनी हात लावला. ते पाणी त्याच तळ्यातलं होतं, गढूळ. माणसं गेल्यावर मी अण्णांची पिशवी काढली. चावी, पॅड, वही. पाळीचं पान उघडलं. त्यावर ‘सोडलं’ अण्णांच्या अक्षरात होतं. ‘पोचलं’मध्ये पाच-सात अंगठे होते. टेलच्या बायांनी अण्णा नसतानाही आठवणीने येऊन ते लावले होते.

मग मागची पानं उलटली. सुरुवातीला ओळीच ओळी, रात्री ९, सकाळी ८, रात्री ९, सकाळी ८॥. मग विमान आलं. ओळी विरळ झाल्या. शेवटच्या पूर्ण वर्षात एक. आणि सगळ्यात खाली, वाकडंतिकडं, तापातलं अक्षर होतं, ‘निघाली, दु. २.४०’. आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं त्यांनी. समोरचा रकाना रिकामा होता.

आई शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नाही, पण पान कुठलं ते तिला कळलं. मी पेन काढलं आणि ठेवून दिलं. सोडणाऱ्याने पोचलं लिहायचं नाही. आणि लिहिणारा उरला नव्हता. मला कसं सुचलं कोण जाणे, मी पॅड तिच्यापुढे सरकवलं.

"आई, तू लाव. तू आहेस ना अजून."

आईने पॅडकडे बघितलं. पाच दिवसांत ती मला एक शब्दही वावगा बोलली नव्हती. तिने पॅडचं झाकण हळूच बंद केलं.

"ह्या ओळीत न्हाई," ती म्हणाली. "ह्या बारीला तू पोचली न्हाईस. पुढल्या बारीला दहा तासानं ये. तवा लावते."

जुलैत मी रात्री नऊच्या बसने गेले. सकाळी साडेआठला उंबऱ्यात उभी राहिले. आईने पाणी दिलं नाही, आधी वही मागितली.

त्यानंतर विमानाने गावी गेले नाही. वहीत बऱ्याच ओळी झाल्या आहेत, दर ओळीला आईचा अंगठा आहे. ती एक ओळ तेवढी कोरी आहे.